तिसरी पिशवी

ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात
कोड्याच्या तुकड्याचं चित्र असतं, त्यात दडलेलं
हे टूल तस्कीननं बसवलं तिन्ही लॅपटॉपांत,
महिनाअखेरच्या भांडणांना वैतागून.
आता तिघींची कार्ट एकच.
मी काही टाकलं की शेजारी निळा ठिपका,
तस्कीनचा केशरी,
कस्तूरीचा हिरवा, बैलहोंगलच्या शेतासारखा.
हे तीच म्हणायची. मी ते शेत पाहिलेलं नाही.

चारशे नव्व्याण्णवला डिलिव्हरी फुकट.
चारशे साठवर घोडं अडलं की
रात्री साडेदहाला तीन खोल्यांतून
(खोल्या दोनच, तिसरी गॅलरीत झोपायची)
तीन हात एका टोपलीत.
कुणी शेव घालायचं, कुणी काढायचं,
काढलं कुणी ते कुणी बोलायचं नाही.
भिंतीपलीकडून नुसतं हसू.

एकदा मी टाकली अंबाडी.
ती आधीच टाकून बसलेली, पुंडीपल्ले.
टूलला काय कळणार, दोन जुड्या आल्या,
एकाच मळ्यातल्या असाव्यात, सुतळीसुद्धा एकच.
पहिल्या दिवशी मी केली आमच्या जांबोटीसारखी,
कण्या घालून, वरून लसणाची फोडणी.
दुसऱ्या दिवशी तिनं, तिच्या अव्वासारखी.
कण्या घालून. वरून लसणाची फोडणी.
तिसऱ्या दिवशी तस्कीन ताट सारून म्हणाली,
एकच भाजी करताय की गं दोघी,
भांडताय तेवढं वेगळ्या भाषेत.

सामान घेऊन पोरगा यायचा दुसऱ्या गेटापलीकडून.
नकाशावरची त्याची गाडी थबकली की
फोन वाजायच्या आधीच आम्हाला कळायचं.
"अक्का, गेट हाक्यार."
मिरजेची गाडी जाईस्तोवर
आमचं दूध रुळांच्या त्या बाजूला
घाम पुसत उभं.

जूनमध्ये कस्तूरीची बदली झाली, गदग शाखेला.
गादी गेली. तवा गेला, तो तिचाच होता.
स्वयंपाकघराच्या खिडकीत मिरच्यांची माळ तेवढी राहिली.
भाडं दोघींत वाटून घेतलं.
कार्टमधून नाव काढायलाही एक बटण आहे,
तस्कीन मला म्हणाली, तू काढ.
मी म्हटलं, टूल कुणी बसवलं? तू काढ.
असे तीन महिने गेले.

गुरुवारी रात्री मी दुधाच्या दोन पिशव्या टाकल्या.
दात घासून आले तर तीन.
तिसरीपाशी हिरवा ठिपका.

बोट घसरलं असेल, म्हटलं, जुनी खिडकी उघडी राहिली असेल.
दोन केल्या.
बघता बघता तीन.
मी पुन्हा दोन.
थोडा वेळ काहीच हललं नाही.
मला वाटलं, झोपली.
मग तीन.

शुक्रवारी तिन्ही आल्या.
तिसरीचं काय करायचं ते ठाऊक होतं.
शुक्रवारी ती मोसरु लावायची, आम्ही दही म्हणायचो,
विरजण नसलं की माळेतल्या मिरच्यांचे देठ खुडून
कोमट दुधात सोडायची,
वर ताटली, ताटलीवर बँकेच्या परीक्षेचं जाडं पुस्तक.
मी सात देठ खुडले.
ती किती घालायची, कधी विचारलं नव्हतं.
पुस्तकही ती घेऊन गेलेली,
म्हणून लॅपटॉप ठेवला.

सकाळी लागलं होतं. जरा पातळ.
फोनवर सत्तावीस रुपये आलेले, गदगहून,
सोबत एक अक्षर नाही.
खुळीच आहे, तस्कीन म्हणाली, परत पाठव.
पाठवते, म्हटलं.
तेवढ्यात गेटाची घंटा वाजायला लागली
आणि गाडी जाईपर्यंत आम्ही दोघी
ओट्यापाशी तशाच उभ्या,
एका वाटीत दोन बोटं.