कुठं पोचला

सदरच्या पाणीपट्टी कार्यालयात
माझा प्रोग्राम अठरा वर्षं चालला.
महिन्याच्या शेवटच्या रात्री
तीन लाख बारा हजार नळजोडण्या
तो एकेक करून उचलायचा,
रक्कम बघायचा, तारीख बघायचा,
दंड लावून जागच्या जागी ठेवायचा
आणि पुढच्या दाराची कडी वाजवायचा.

पहाटे पाचपर्यंत.
मी आणि उईके चौकीदार कूलरसमोर.
"कुठं पोचला साहेब?"
"जरीपटका."
"मंग इतवारी, महाल बाकीच हाय अजून."
कधीकधी नऊ वाजायचे.
खिडकीपुढे रांग, हातात बिलं,
आत टेबल अडकलेलं.
हेही सांगायला हवं.

प्रणोती लांजेवार भंडाऱ्याहून बदलून आली.
माझ्या चारशे ओळी तिनं शेवटपर्यंत वाचल्या,
हसली नाही.
म्हणाली, "सर, तुम्ही एकेक दाणा मागून राहिले.
पोतं त्याच्याजवळ, चाळणी त्याच्याजवळ.
भोकं केवढी, तेवढंच सांगा नं त्याला."

सहा ओळी.
आधी कोण, नंतर कोण, काही नाही.
थकलेल्या, मुदत उलटलेल्या, सगळ्या.
उईके चहा आणायला जिना उतरत होता
तेवढ्यात शहर संपलं.
तेवीस सेकंद.

मी तीन रात्री ताळा केला.
फरक फक्त एका जोडणीचा,
गोरेवाड्याकडची.
माझ्या दोनशे सत्तेचाळिसाव्या ओळीत
तिच्यासाठी एक 'जर' होता:
ही आली, तर पुढे जा.
का, ते लिहिलेलं नव्हतं.
कुणाचा फोन आला होता?
की चाचणी करताना राहून गेलं?
खूप आठवलं. नाही आठवलं.
दोनशे सोळा वेळा त्या दारापाशी
माझा प्रोग्राम हात मागे घेऊन निघून गेला.

"ही अट घालू का, सर?"
"वेळ वाढेल?"
"नाही."
"मग घाल. सोमवारी जाऊन बघतो कोण राहतं ते."

चालवला. पुन्हा तेवीस.
उईके दोन ग्लास घेऊन वर आला,
सवयीनं खुर्ची ओढली.
"कुठं पोचला साहेब?"
मी पडद्याकडे बघितलं.
मधलं कुठलंच ठिकाण त्याच्याकडे नव्हतं.
"बस," म्हटलं, "चहा पिऊ."