पात्रता

लीड्समधला चौथा मजला,
हीटर बंद पडलेली खोली,
समोर दोन परीक्षक, पाण्याचा जग
आणि प्रश्न क्रमांक सात:
लोकसहभागाच्या तुमच्या कामातली
एक चूक सांगा. दहा मिनिटं.

मी तयारीनं गेले होते.
चूक निवडून, धुऊन, इस्त्री करून नेली होती.
एकदा सभागृहाला रॅम्प नव्हता म्हणून
व्हीलचेअरवरच्या गृहस्थांना मागच्या दारानं यावं लागलं;
पुढच्या वेळी मी आधी जाऊन बघून आले.
चूक, धडा, सुधारणा.
पेनं चालली. दोन्ही माना हलल्या.

जी सांगितली नाही, ती ग्रिम्सबीची.

मंगळवारची संध्याकाळ, चॅपलचा हॉल,
गोदीवरून हॅडकचा वास घेऊन येणारा वारा.
बेचाळीस खुर्च्या मांडल्या, नऊ माणसं आली,
त्यातली दोन बिंगो समजून.
रेल्वेवरचा लोखंडी पूल, चालत जाणाऱ्यांचा,
ठेवायचा की पाडायचा?
हिरवा ठिपका: ठेवा. लाल: पाडा.
भिंतीवर माझा पाच रकान्यांचा तक्ता:
कळवणं, विचारणं, सामील करणं,
सोबत बसून ठरवणं, आणि शेवटी
हाती सोपवणं.
त्या शेवटच्या कोपऱ्याची पिन सैल होती,
कागद तिथंच सारखा गळायचा.

मॉरीन टास्कर, वय एकोणऐंशी,
मासे सोलायच्या टेबलापाशी एकतीस वर्षं उभी राहिलेली,
हिरवा ठिपका बोटावर घेऊन म्हणाली,
"पोरी, ठरलंय ना सगळं?"

ठरलं होतं.
ठेकेदाराची तारीखसुद्धा माझ्या बॅगेत होती.
ऐकावे जनाचे, करावे मनाचे, आई म्हणायची,
पण ती ते स्वतःच्या लग्नाबद्दल म्हणायची,
नगरपालिकेबद्दल नाही.
"अजून काहीच ठरलेलं नाही," मी म्हणाले.
"मग बिस्किटं इतकी चांगली कशी?"
आणि तो ठिपका तिनं कागदावर न लावता
माझ्या बाहीवर लावला.

अहवालात: सहभागी नऊ, समाधानी सात.
पर्यायी रस्ता: सहा मिनिटं, सरासरी चालीनं.
कुणाची सरासरी, ते कुणी विचारलं नाही.

प्रमाणपत्र टपालानं आलं. जाड कागद,
उठावाची मोहर, माझ्या नावात एक अक्षर कमी.
मी मनातल्या मनात मराठी केलं: पात्र.
पात्र म्हणजे भांडंही,
आणि नाटकात रंग लावून उभं राहतं तेही.
आठवडाभर तिन्ही अर्थ अंगाला लावून बघितले,
कुठलाच नीट बसेना.

मार्चमध्ये परत गेले. का, ते सांगता येणार नाही.
पुलाच्या जागी दोन ठोकळे, एक सीगल,
आणि मधे नुसती हवा.
मॉरीननं चष्मा लावून प्रमाणपत्र वाचलं,
खालच्या बारीक अक्षरांपाशी थांबली.
"तीनच वर्षं चालतं?"
"मग पुन्हा सिद्ध करावं लागतं."
"हे बरंय. आमच्या रॉयला मी एकदाच पास केलं,
तिथंच चुकलं."

मग तिनं कोट चढवला. पाव आणायचा होता.
लांबच्या रस्त्यानं निघालो.
मी खिशातल्या खिशात घड्याळ लावलं होतं.
एकोणीस मिनिटं.
वाटेत दोनदा थांबली,
एकदा गुडघ्यासाठी,
एकदा कशासाठीच नाही:
कुंपणापलीकडून गाडी चालली होती,
ती बघत राहिली, मग मीही.
ती काही बोलली नाही.
मी काही विचारलं नाही.

परतताना बावीस लागली.
पिशवी मी धरते, म्हटलं.
नको म्हणाली.