उभे मासे

ट्रॉलरवरचा निळा फायबरचा खोका.
तळाला चीर गेली म्हणून मालंडकरांनी फुकट दिला.
एम-सील भरलं, चार दिवस पाणी भरून ओतलं,
तरी बांगड्याचा वास गेला नाही.
माझा तरी कुठे जातो.

गप्पी मासे सरकारी.
हिवतापवाले राऊळ बावीत सोडायला आले होते,
पिशवीत उरले ते अकरा
‘घे गे वयनी, डास खातील,’ म्हणून देऊन गेले.
ह्यांनी विचारलं,
आणि आपण काय खायचं?

खोका पडवीबाहेर, माडाच्या बुंध्याशी ठेवला.
पहिल्या सकाळी वाकून बघितलं
तर बराच वेळ कळेचना, वेगळं काय आहे.
एकतीस वर्षं मी मासा बघते आहे,
टोपलीत, बर्फात, पाटावर, विळीखाली.
नेहमी आडवा.
एक डोळा वर, दुसरा खाली दाबलेला.
हे उभे होते.
दोन्ही डोळे मोकळे.
नखाएवढी अंगं,
आणि चालणं असं की कुणाच्या बापाला भाव विचारू देणार नाहीत.

एप्रिलात तारामुंबरीला वारा पडतो.
कातळ तापतो, झावळ हलत नाही.
दुपारी खोक्यात हात घातला
तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं,
आणि मासे वर येऊन तोंडं उघडतायत.
मासा राखायचा मला एकच उपाय ठाऊक.
हे बर्फाच्या कारखान्यात. फोन केला.
‘जिवंतांना बर्फ?’ म्हणाले, पण आणला,
लादीचा तुकडा, गोणपाटात,
सायकलवरून रस्ताभर ठिबकत.
मी तो तसाच सोडला. धप्प.

कुणी ओरडलं नाही.
चार जण हळूच कलले,
मग आडवे झाले,
आणि ते मात्र मी लगेच ओळखलं.

रात्री तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं.
निमूट वाढलं.
खाल्लंही. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी राऊळांना वाटेत गाठलं.
ते सायकलवरून न उतरताच म्हणाले,
थंड नको गे, सावली दे.
त्या खोक्याच्या भिंतीतच गारवा आहे, वर झाप टाक.
आटलं तर संध्याकाळी दोन तांबे, एकदम कळशी नको.
नळाचं असेल तर रात्रभर बादलीत ठेव, औषध उडू दे.
आणि हिरवं झालं म्हणून उपसून टाकशील!
तेच त्यांचं ताट.

मे महिन्यात आमची बाव मचूळ होते,
चहा फाटतो, डाळ शिजत नाही.
गप्पींनी तक्रार केली नाही.
खंड्या येतो, विजेच्या तारेवर बसतो,
मान वाकडी करून बघतो, जुन्या गिऱ्हाइकासारखा.
झापाखालचं दिसत नाही म्हटल्यावर
भाव न करताच जातो.

आता किती आहेत, मला विचारू नका.
लिलावात टोपलीभर बांगडे मी नजरेनं मोजते,
दोन इकडेतिकडे, जास्त नाही.
इथे सात म्हणेपर्यंत पहिला चौथ्याच्या जागी.
पिल्लं तर नुसते डोळे,
पाण्यात सांडलेली मोहरी.
वाटा कसा घालणार?

परवा बाजारात एक बांगडा उचलला,
कल्ला उघडून दाखवला, लाल,
आणि का कोण जाणे, त्याला तळहातावर
पोटावर उभा धरला क्षणभर.
बोटं काढली तर पडला असता.
बँकेतल्या बाई म्हणाल्या, काय गं, बघतेस काय?
काही नाही, म्हटलं.
शंभरला पाच. साफ करून देऊ?