तिसरा मजला ते तळमजला

रात्री कधीतरी मशीनने स्वतःला सुधारून घेतलं.
सकाळी उदबत्ती फिरवून बटण दाबलं
तर पडद्यावर: सर्व काही तयार आहे.
कशासाठी, ते लिहिलं नव्हतं.

ठाकुरद्वारच्या या इमारतीत
छपाईयंत्र तळमजल्याला, डिगसकरांकडे,
आणि अक्षरं जुळवणारी मी तिसऱ्यावर.
कालपर्यंत फाइल उचलायची, सामायिक फोल्डरमध्ये सोडायची;
तांदूळ धुऊन होतात न होतात तोच
खालून धडधड सुरू, जमिनीतून तळव्यांना कळायची.

आज फोल्डर म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही.
मला!
अकरा वर्षं मुंजी, साखरपुडे, तेरावी
याच दारातून आत ढकलली मी.
तुमच्या सुरक्षिततेसाठी, असंही म्हणतो.
प्रशासकाशी संपर्क साधावा.

प्रशासक म्हणजे वैजनाथ.
मशीन बसवून दिलं, आणि मग नालासोपाऱ्याला
शेगड्या दुरुस्त करायला लागला.
म्हणाला, वहिनी, पासवर्ड म्हणजे माझ्या तेव्हाच्या स्कूटरचा नंबर.
स्कूटर कुठाय?
विकली.
नंबर?
शेवटी सात होता बहुतेक.

मग फोनमधून हवेवर पाठवून पाहिलं.
दोन मिनिटं बाकी.
एकोणीस तास बाकी.
पुन्हा दोन मिनिटं.
असा हिशोब मी याआधी
फक्त आमच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये ऐकलाय.
शेवटी पोचली एकदाची, तर डिगसकर खालून ओरडले,
अहो, 'श्री'च्या जागी चौकोन आलाय!
रिकामा, खिडकीसारखा.

आणि काम काय, तर राऊळांचं बारसं.
पेढ्यांच्या डब्यांवरची लेबलं, दोनशे चाळीस,
प्रत्येकावर बाळाचं नाव.
आत्याने चिठ्ठी मुठीतून मुठीत दिली होती,
म्हणाली, साडेपाचपर्यंत कुणाला कळता कामा नये.
ते मात्र मशीनने मनावर घेतलं.
छापणाऱ्यालाही कळू देईना.

जिना आहे, हो. तीन मजले, चौऱ्याहत्तर पायऱ्या,
आणि गुडघा एक, म्हणजे धड असलेला.
दीड वाजला. मी स्क्रीनला एक शब्द बोलले
तो इथे छापण्यासारखा नाही.

खिडकीशी टोपली लटकलेली होती,
पाववाल्यासाठी सोडते ती, नायलॉनच्या दोरीची.
पेन ड्राइव्ह हातरुमालात बांधला,
हलकी टोपली वाऱ्याने गरगरते म्हणून सोबत दोन कांदे,
आणि सोडली.

दुसऱ्या मजल्यावर परुळेकर बाईंनी डोकं काढलं.
आज उलट? काय पाठवतेस?
म्हटलं, नाव.
कुणाचं?
दोरी जरा भरभर सोडली.

खाली डिगसकरांनी झेलली. कांदे ठेवून घेतले.
थोडा वेळ काहीच नाही.
फक्त समोरच्या बँडवाल्यांचा कुणीतरी
क्लॅरिनेट पुसता पुसता एकच सूर तपासत होता.
मग तळव्यांखाली ती धडधड.

टोपली वर आली तेव्हा आत एक लेबल, ओलसर शाईचं.
दुसरी वेलांटी ऱ्हस्व पडलेली, दीर्घ हवी.
चूक माझीच, यंत्राची नाही.
दुरुस्त केली, रुमाल बांधला,
या वेळी कांद्यांऐवजी पाटावरचा वरवंटा.
सावकाश हो, डिगसकर, डोकं सांभाळा!

वर येऊन बसले तर पडद्याच्या कोपऱ्यात
नवी सुधारणा उपलब्ध.
आत्ता, की रात्री?
मी दोरी खिडकीच्या गजाला
दोन वेढे जास्तीचे देऊन बांधली.

नाव तुम्हालाही सांगत नाहीये.
साडेपाच वाजायचेत अजून.