कापसाचं चिलखत

देवस्थळीबाई पुण्याहून आल्या त्या एप्रिलात,
पारा चव्वेचाळीसवर,
तळ्याकाठची कुत्रीसुद्धा पाण्यात बसलेली.
आमच्या दुकानात गाद्यांच्या ढिगाला टेकून म्हणाल्या,
"लोखंड नको. या उन्हात लोखंड घालून
कोण लढलं असेल, चाचा?
कापूस भरा. चार बोटं जाड. शिवण घट्ट."

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
फोमच्या गाद्या आल्यापासून
त्यांच्याकडे कुणी घट्ट शिवण मागितली नव्हती.

गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक.
भुईकोटाच्या दरवाज्यात नऊ स्वार, तीन दिवस,
समोर हजारांची फौज.
शेवटी उरला त्याला बाळीवेशीत भैरू म्हणतात,
आमच्या मोहल्ल्यात बहराम.
भाला छातीत घुसला तेव्हा रक्त आलं नाही,
पांढरी कबुतरं उडाली,
ती अजून बुरजावर आहेत
म्हणून प्रत्येक बाप पोराला खांद्यावर घेऊन दाखवतो.
कबुतरं करडी असतात. पण असतात.

बाईंना कबुतरं नको होती.
बाईंना हवी होती हगवण लागलेली फौज,
माश्या, नाल निखळलेला घोडा,
दुसऱ्या रात्री पळून जायचं ठरवणारे दोघे.
मरताना कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही,
म्हणजे भैरू की बहराम, हे भांडणच मिटलं.

घोडे मिळाले ते वरातीचे.
ढोलावर टिपरी पडली की पुढचे पाय उचलून नाचायचे.
ऐन लढाईत नऊच्या नऊ नाचले,
आणि होटगीचा मल्लेशी, जो शेवटी मरणार होता,
खोगिरावरच हसून हसून आडवा झाला.
बाईंनी ढोल बंद केला.
मग फौज मुकाट्यानं चालून आली.
तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

नव्वद अंगरखे भरायचे होते.
नवा कापूस परवडेना, अब्बांनी जुन्या गाद्या उसवल्या.
एक कुणाच्या लग्नातली, एक लकव्यातली,
एक बाळंतिणीची, डाग तसाच.
रात्री दोनपर्यंत धुनकीची तार बोलत राहिली,
आमच्या डाळीत, भुवयांत, खोकल्यात कापूस,
आणि सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं होऊन बाहेर पडलं.

पहिल्या खेळाला सगळा मोहल्ला.
शेंगांच्या टरफलांचा पायाखाली चुरा.
मध्यांतरानंतर शिट्ट्या थांबल्या.
"अरे, लढा की आता!" मागून कुणी ओरडलं.
पडद्यावर नऊ माणसं
नुसता घाम पुसत बसली होती.

मग भाला आला. तिरका,
कुणाकडे तरी जायचा होता, चुकून इकडे आल्यासारखा.
अंगरखा उसवला
आणि आतून निघाला कापूस, पुंजक्या-पुंजक्यानं.
एक भिंतीला चिकटला,
एक वर गेला, बुरजाच्या बाजूला, बराच वेळ.
माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारी
पदर तोंडाला लावून म्हणाली,
"अगं बया. कबुतरं."

अब्बा रिक्षा नको म्हणाले.
विजापूर वेशीपर्यंत एक शब्द नाही.
तिथं पानाच्या टपरीपाशी थांबले, म्हणाले,
"तिसऱ्या टाक्यापाशी उसवला.
तिथं तर मी दोरा डब्बल घातला होता."

त्या सकाळी बुरजाच्या सावलीत
एका पोरानं बरोब्बर तिथं ब्लेड फिरवलं होतं,
हिसडा दिला की उघडावं म्हणून
गळाची बारीक दोरी ओवली होती.
मल्लेशीवर छत्री धरून मी शेजारीच उभा होतो.

"भालाच दांडगा होता," मी म्हणालो.
अब्बांनी अंगठ्यानं तर्जनीचा घट्टा चाचपला.
पटलं नव्हतं.