पाण्याची वरची बाजू

एकतीस वर्षं पाटकरी होतो सुकीच्या कालव्यावर,
पण धरणाच्या वरच्या अंगाला कधी रात्र काढली नव्हती.
भिंतीपर्यंत यायचो, पट्टीवरचा आकडा वहीत उतरवायचो,
सायकल वळवायचो.
माझं पाणी भिंतीच्या खाली सुरू व्हायचं.

हेमांगीनं पुण्याहून तंबू आणला,
नारिंगी, छत्रीसारखा उघडणारा.
"आप्पा, एक रात्र," म्हणाली, "तुमच्या पाण्याजवळ."
माझं पाणी!
कालव्यावर जन्मभर हेच ऐकलं,
ज्याच्या त्याच्या तोंडून, हातात फावडं.

पालच्या नाक्यावर पावती फाडली.
सुभान तडवी, वनरक्षक, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान,
दात मात्र माझ्याहून कमी.
त्यानं नियम सांगितले: जाळ करायचा नाही,
अंजनाची फांदी तोडायची नाही,
रात्री पाण्यावर बॅटरी मारायची नाही,
प्यायला आलेलं जनावर तहानलेलं परत जातं.
"आन् आप्पा, झोपेत घोरता का?"
हेमांगी म्हणाली, "खूप."
"मंग बरं. अस्वल जवळ येत नाही."

दिवस बुडताना सातपुडा एकेक घडी जवळ सरकला.
पाण्यात उभी सागाची खोडं, साल गेलेली, पांढुरकी.
धरण भरलं तेव्हा यांना नोटीस पोचली नसावी.
प्रत्येकावर एक पाणकावळा,
पंख वाळत घातलेला.

चिमुकल्या शेगडीवर तिनं खिचडी लावली,
मी घरून आणलेलं भरीत सोडलं, कळण्याच्या भाकरी.
ती तिच्या कामाबद्दल बोलली, मला अर्धं कळलं.
मी क्युसेकबद्दल बोललो, तिला अर्धं कळलं.
वाटप काही वाईट नव्हतं.

निजण्याआधी काठावर गेलो
आणि पाणी जिथं संपतं, अगदी तिथं,
एक काटकी रोवली. जुनी सवय.
(पडलेली होती, सुभान. तोडली नाही.)

मग आडवा पडून ऐकत राहिलो.
दूर भेकर भुंकलं.
तंबूचं कापड दवानं जड झालं.
शेजारी हेमांगीचा श्वास,
तोच, जो रात्रपाळीला कालव्याच्या कडेला
पोत्यावर निजवायचो तेव्हा कंदिलाजवळ ऐकू यायचा.

खाली पाणी येतं ते सांगून येतं.
आधी ओल्या मातीचा वास,
मग कोरड्या चारीत पाचोळा सरकतो,
मग शिव्या,
केळीच्या बागांतून बॅटऱ्या पळतात,
"आलं, आलं" ही आरोळी
पाण्याच्याही पुढं धावते, शेताशेतातून.
इथं काही नाही.
चांदण्या पाण्यात, जागच्या जागी.

उजाडलं तेव्हा काटकी कोरड्यात उभी.
तिच्यापुढं वीतभर नवा गाळ
आणि त्यात सांबराचे खूर, ताजे.
म्हणजे रात्रीच कुणीतरी गेट उचललं.
माझ्या जागेवरचा तो पोरगा, मोबाइलमध्ये नोंद ठेवणारा.
रब्बीचं पहिलं आवर्तन.
बोटांवर हिशेब केला: मुख्य कालवा, सहा नंबरची चारी,
शेवटच्या शेताला उद्या दिवेलागणीला.
तिथं कुणी ताटावरून उठेल,
कुणी भावाशी भांडेल.
आणि इथून ते माझ्या उशालगत निघून गेलं.
मी जागा होतो.
तरी कळलं नाही.

हेमांगी दात घासत आली.
"काय बघताय?"
"पाणी गेलं थोडं."
"कुठं?"
"घरी," म्हणालो.
ती हसली, चूळ भरायला झुडपाकडं वळली.

तंबू घडी होऊन पिशवीत गेला,
खाली गवताचा एक चौकोन चपटा, फिकट.
सुभान कचरा तपासायला आला,
तंबूमागं वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.
मऊ मातीत पाच बोटं, लांब नखं,
आमच्या डोक्यापासून दोन हातांवर.

"आप्पा," तो म्हणाला,
"रातीले घोरले नाही वाटते तुम्ही."