मसुदा पाचवा

'मॅडम, म्हैस जंगम मालमत्तेत घालू
की स्वतंत्र परिच्छेद करू?'
टायपिस्ट घोरपडे की-बोर्डवरची बोटं न उचलता विचारतो.
कसबा बावड्यात, कोर्टासमोर,
झेरॉक्सच्या दुकानातला पंखा गरगरतोय
आणि चौगुल्यांची अकरा वर्षं उडू नयेत म्हणून
मी त्यांच्यावर स्टेपलर ठेवलाय.

म्हैस मुऱ्हा, तिसऱ्या वेताची.
दावण त्याच्या गोठ्यात,
डेअरीचं पुस्तक हिच्या नावावर.
दर दहा दिवसांचं बिल हिच्या खात्यात यायचं
आणि खात्याचं एटीएम कार्ड त्याच्या खिशात असायचं.
एवढं एक वाक्य नीट लिहायला
मला तीन तारखा लागल्या.
'न्हेऊ दे की त्यानं,' अर्पणा म्हणाली,
'माझ्याबिगर कुणी कासंला हात लावला
तर पान्हा चोरती ती. बघू दे एकदा.'
हे कुठल्या कलमाखाली घ्यायचं,
ते मी अजून शोधतेय.

मग साज.
गुजरीतल्या पावतीवर एकवीस पानं.
समुपदेशकाच्या टेबलावर रुमाल सोडला, मोजली,
अठरा भरली.
ती म्हणाली, एक सासूबाईंच्या मोतीबिंदूला गेलं.
तो म्हणाला, एक हिच्या भावाच्या डिप्लोमाला.
दोघांनी एकमेकांकडं पाहून मान डोलावली,
त्या वर्षातली बहुधा पहिलीच सहमती.
तिसऱ्या पानाचं विचारल्यावर मात्र
दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले.
मिरजकर वकिलांनी पेनाचं टोपण लावलं.
मीही पुढचं पान उलटलं.

माझे सीनियर नाईकनवरे म्हणायचे,
'दिवाणीत माणसं बांधासाठी भांडतात, पोरी.
इथं बांधच उठून भांडतो.'
तेव्हा मी हसले होते.
वकिलीचं माझं दुसरं वर्ष होतं,
आणि बांध बोलतो हे मला माहीत नव्हतं.

पोटगी ठरली. फ्लॅटचा हप्ता ठरला.
ताबा आईकडं, मंगळवार पेठेत.
भेट दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी,
सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, शिवाजी पेठेत.
मोठी माणसं सह्यांना तयार, दोन्ही पक्ष दमलेले,
आणि राजवर्धन, वय नऊ,
खेळण्यांच्या खोलीतल्या तीन पायांच्या घोड्याला
भिंतीशी टेकवून उभा करत म्हणाला,
'चौथ्या रविवारी मॅच हाय.
पप्पांच्या पेठेची, मामाच्या पेठेबरोबर.
मी कुठल्या बाजूला बसू?'

हसू नका. ज्यांनी इथली मॅच पाहिलीय
ते हसणार नाहीत.
मिरजकर म्हणाले, त्या दिवशी भेट रद्द धरू.
रणधीर म्हणाला, मग सहीही रद्द धरा.
मी म्हणाले, पुढच्या रविवारी भरपाई देऊ.
अर्पणा म्हणाली, पोराला हप्ता समजलाय काय?
चार मसुदे त्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर फाटले.
मी निवाडे चाळले: परदेशी नेलेली मुलं,
आजोळी लपवलेली मुलं, पासपोर्टं, शाळेचे दाखले.
जर्सीबद्दल कुणीच काही बोललेलं नव्हतं.

शेवटी त्यानंच सांगितलं, घोड्याकडं बघत:
'गोलच्या मागं बसतो.
हाफ टाइमला बाजू बदलत्यात.
मग कुणाचा गोल म्हणून बसलोय, कुणाला कळतंय?'

घोरपडे, लिहा. कलम सात-अ.
मला माहितीये, हे फार दिवस टिकणार नाही.
तो बारा वर्षांचा होईल, कुणी टोमणा मारेल,
एखाद्या मॅचला बापच फिरकणार नाही,
आणि दोन्ही बाजूंचे लोक
माझ्याच शब्दांना दोन्हीकडून धरून ओढतील.
तरी लिहा.

घोरपडेनं टाइप केलं, 'सदर अज्ञान मुलगा...'
आमच्या भाषेत अठराच्या आतल्याला
असंच लिहितात, वर्षानुवर्षं. मीही लिहीत आलेय.
मी पेन घेतलं, शब्द खोडला,
वर बारीक अक्षरात नाव घातलं.
पान परत काढावं लागणार. दहा रुपये जादा.

'आणि म्हैस?' घोरपडे म्हणाला.